यंत्राने आपली आठवण कोठे ठेवावी?

हैदराबादेस आलेला पाहुणा चारमिनार पाहून झाला की सालारजंग संग्रहालयाकडे वळतो, आणि तेथील प्रसिद्ध वाजत्या घड्याळापुढे त्याची पावले आपोआप थांबतात. तास भरण्यास तीन मिनिटे उरली की एक चिमुकला पुतळा दार उघडून बाहेर येतो आणि नेमक्या वेळी घंटेवर ठोके देतो. विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही त्या गर्दीत अनेकदा उभे राहिलो आहोत. मुले ठोके मोजण्यात रमतात. आमच्या मनात मात्र दर वेळी एकच विचार येतो. या घड्याळाला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. पुतळ्याने केव्हा बाहेर यावे व किती ठोके द्यावेत हा नियम, ही पहिली. आणि या घटकेला किती वाजले आहेत, ही दुसरी. कारागिराने नियम यंत्ररचनेतच कायमचा घडवून ठेवला. वेळ मात्र त्याने काट्यांवर सोपविली, कारण वेळ पुनःपुन्हा लावावी लागते. नियम बदलायचा तर घड्याळ खोलावे लागेल. वेळ बदलायची तर काटा फिरविला की काम झाले. कोणती गोष्ट कोठे ठेवावी, याचा विवेक त्या अज्ञात कारागिराला होता.

आजच्या यंत्रांपुढे हाच प्रश्न नव्या वेषात उभा आहे. आपल्या घरातील धुलाईयंत्र, विजेचा मीटर, पाण्याच्या मोटारीचा नियंत्रक, दूरचित्रवाणी संच, या सर्वांच्या पोटात एक लहानसा संगणक दडलेला असतो. त्याने काय करावे हे सांगणारी आज्ञावली कारखान्यातच त्याच्या चिपमध्ये घातलेली असते. या आज्ञावलीला ‘फर्मवेअर’ म्हणतात. परंतु केवळ आज्ञावलीने भागत नाही. मोटार किती वाजता सुरू करावी, पडद्यावर कोणती भाषा दाखवावी, आवाज किती ठेवावा, अशा ज्या गोष्टी घरोघरी निराळ्या असतात, त्यांनाही कोठेतरी जागा द्यावी लागते. व्यवहारात आपण त्यांना ‘सेटिंग’ म्हणतो. आज्ञावली हा यंत्राचा स्वभाव म्हटला, तर सेटिंग ही त्याला सांगून ठेवलेली गोष्ट होय. स्वभाव आणि सांगितलेली गोष्ट एकाच कप्प्यात ठेवावी काय, हाच आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

एक एक जागा तपासून पाहू. पहिली जागा म्हणजे खुद्द आज्ञावली. सेटिंग तेथेच कोरून टाकली तर ती हरवण्याची भीती नाही. परंतु ती बदलायची झाली की आज्ञावलीच नव्याने लिहावी लागते. पुण्यात एक वेळ आणि हैदराबादेत दुसरी, एवढ्याकरिता कारखान्याने दोन निरनिराळी यंत्रे घडवावीत, असा हा प्रकार होय. शिवाय पुढे कारखान्याने आज्ञावलीची सुधारलेली आवृत्ती पाठविली तर जुनीबरोबर आपल्या सेटिंगही पुसल्या जाण्याचा संभव असतो.

दुसरी जागा म्हणजे यंत्राची चालती स्मृती, जिला रॅम म्हणतात. ही अत्यंत चपळ, पण विजेच्या आधाराने जगणारी. आमच्या घरी विजेवर चालणारे आकड्यांचे एक घड्याळ होते. पूर्वी उन्हाळ्यात वीज वारंवार जात असे, आणि ती परत आली की ते घड्याळ बारा वाजल्याचे दाखवीत लुकलुकत राही. गजराची वेळही ते विसरलेले असे. त्या घड्याळात बिघाड काहीच नव्हता. त्याची आठवण पाण्यावरील रेघेसारखी होती, एवढेच.

तिसरी युक्ती म्हणजे त्या विसराळू स्मृतीला बॅटरीचा आधार देणे. संगणकाच्या मुख्य फलकावर रुपयाच्या नाण्यासारखी तीन व्होल्टची एक चपटी बॅटरी असते, ती याच कामाची. मुख्य वीज बंद असतानाही तिच्या बळावर संगणकाचे घड्याळ चालत राहते, आणि पूर्वीच्या संगणकांत तर प्राथमिक सेटिंगही तिच्याच भरवशावर असत. परंतु बॅटरीला आयुष्य असते. ती संपली की संगणक तारीखवार विसरून एखाद्या गतवर्षी जाऊन बसतो.

चौथी जागा आज सर्वाधिक वापरात आहे. वीज गेली तरी अक्षर न पुसणारी, आणि तरीही विजेच्या साहाय्याने पुन्हा लिहिता येणारी अशी ही स्मृती. तिचे ईईप्रॉम आणि फ्लॅश असे दोन मुख्य प्रकार आहेत. ईईप्रॉममध्ये एखादेच अक्षर पुसून नवे लिहिता येते. फ्लॅशमध्ये पाटीचा एक मोठा भाग एकदम पुसावा लागतो, मग त्यावर लिहिता येते. आपल्यापैकी ज्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत ‘अर्डुइनो उनो’ हाताळला असेल, त्यांना ठाऊक असेल की त्याच्या चिपमध्ये आज्ञावलीकरिता ३२ किलोबाइट फ्लॅश आणि नोंदींकरिता निराळे १०२४ बाइट ईईप्रॉम असते. रचनाकाराने स्वभाव आणि सांगितलेली गोष्ट यांना मुळातच दोन कप्पे दिले आहेत.

तथापि ही पाटीही अक्षय नव्हे. निर्मात्यांच्या हमीप्रमाणे त्या ईईप्रॉमचे एक घर सुमारे १,००,००० वेळा आणि फ्लॅश सुमारे १०,००० वेळा लिहिता येते. थोडे गणित करून पाहू. एखाद्या उत्साही विद्यार्थ्याने पंख्याची गती दर सेकंदाला एकाच घरात लिहिण्याची आज्ञा दिली, तर एक लाख सेकंद म्हणजे अठ्ठावीस तासांहूनही कमी. दुसरा दिवस मावळण्यापूर्वीच त्या घराची हमी संपली! तीच नोंद दिवसातून एकदाच केली, तर ती पाटी २७० वर्षांहून अधिक काळ पुरावी. म्हणून जाणते लोक सांगतात, की किंमत खरोखर बदलली असेल तरच लिहा, आणि वारंवार लिहावे लागत असेल तर घरे पालटून लिहा.

आणखी एक धोका आहे. लिहीत असतानाच वीज गेली तर? अर्धी जुनी व अर्धी नवी अशी नोंद ही नोंद नसण्यापेक्षाही वाईट, कारण ती खरी वाटते. यावरचा उपाय आमच्या जुन्या पेढीवरील कारकुनांना चांगला अवगत होता. नवी रक्कम पूर्ण लिहून, ताळा पाहून झाल्यावाचून ते जुन्या रकमेवर रेघ मारीत नसत. यंत्रानेही तसेच करावे. नोंदीच्या दोन प्रती ठेवाव्यात, प्रत्येकीच्या शेवटी ताळ्याचा आकडा लिहावा. उठल्याबरोबर ताळा तपासावा, आणि जी प्रत जुळेल ती खरी मानावी. दोन्ही बिघडल्या तर आज्ञावलीत कोरलेल्या मूळ किमती घेऊन कामाला लागावे, पण आपण तसे केले हे मालकाला स्पष्ट सांगावे.

पाचवी जागा सर्वांत साधी, आणि म्हणूनच पुष्कळदा विस्मृतीत जाणारी. ती म्हणजे हाताने फिरविण्याची कळ. तिला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे तिच्यावर काय लिहिले आहे हे डोळ्यांना दिसते.

हे सारे शास्त्र केवळ घरगुती सोयीपुरते असते तर आम्ही इतका विस्तार केला नसता. परंतु आमच्या याच शहरात एक असे यंत्र घडते, की ज्याच्या आठवणीवर साऱ्या देशाचा कारभार अवलंबून असतो. मुंबईच्या ट्रॉम्बे येथील अणुसंशोधन केंद्रात इलेक्ट्रॉनिक्सचे जे काम चालले होते, त्याचे बीज आणून ११ एप्रिल १९६७ रोजी हैदराबादेत ‘इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिचे शिल्पकार डॉ. ए. एस. राव यांचे नाव आज शहरातील एका मोठ्या वस्तीला आहे, आणि तेथील चौरस्ता तर कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांनीच ओळखला जातो. या कंपनीने १९७९ साली मतदानयंत्राचा नमुना तयार केला. पुढे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनीही या कामात आली. केरळमधील परूर मतदारसंघात १९ मे १९८२ रोजी ५० केंद्रांवर ही यंत्रे प्रथम वापरली गेली. कायद्यात त्यांची तरतूद नाही, म्हणून १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविली. १९८९ साली कायद्यात दुरुस्ती अमलात आली. आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशातील सर्व मतदारसंघांत ती पोहोचली.

आम्ही पडलो शिक्षक. निवडणुकीचे काम आमच्या वाट्याला येतेच. दिनांक ११ एप्रिल २०१९ रोजी लोकसभेच्या मतदानाच्या दिवशी आम्ही शहरातील एका केंद्रावर नेमलेले होतो. दुपारी एक वृद्ध महाराष्ट्रीय बाई काठी टेकीत आल्या. मत देऊन झाल्यावर त्या आमच्या टेबलाजवळ थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “अहो मास्तर, एक विचारू का? संध्याकाळी लाइट गेली, तर माझं मत राहील ना त्यात?” रांगेतील चारदोन जण हसले. आम्हांला मात्र हसू आले नाही. आम्ही म्हणालो, “राहील, आजी. हे यंत्र घरच्या विजेवर चालतच नाही, बॅटरीवर चालते; आणि बॅटरी काढली तरी लिहिलेले पुसत नाही.” आजींनी मान डोलावली, आणि जाता जाता दुसरा प्रश्न टाकला, “आणि कुणी मुद्दाम पुसलं तर?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्याचे होते, दुसऱ्याचे तसे नव्हते. ते आम्ही येथे मांडीत आहोत.

मतदानयंत्राचे दोन मूळ भाग असतात. मतदार ज्यावर बटण दाबतो ते बॅलट युनिट, आणि केंद्रावरील अधिकाऱ्याजवळ असते ते कंट्रोल युनिट. मते मोजण्याची आज्ञावली एकदाच लिहिता येणाऱ्या चिपमध्ये असते. तिच्यात मागाहून फेरबदल करता येऊ नये, हाच हेतू. दिलेली मते कंट्रोल युनिटच्या न विसरणाऱ्या स्मृतीत राहतात. वीज नसतानाही ती दहा वर्षे आणि त्याहून अधिक टिकतात, असे निवडणूक आयोग सांगतो. राहता राहिल्या सेटिंग. त्यांची वाटणी पाहिली म्हणजे रचनाकारांच्या विवेकाचे कौतुक वाटते.

उमेदवार किती, हे मतदारसंघागणिक बदलते. ही संख्या अधिकाऱ्यांनी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष कंट्रोल युनिटमध्ये भरावयाची, आणि मग तो कप्पा मोहोरबंद करावयाचा. उमेदवारांची नावे व चिन्हे तर मूळ यंत्राला ठाऊकच नसत. ती छापील कागदावर असत आणि तो कागद बॅलट युनिटवर बसविला जाई. यंत्राला समजे ते एवढेच, की तिसरे बटण दाबले गेले. तिसरा कोण, हे ज्याला माहीतच नाही, ते पक्षपात कोणाचा करणार?

सर्वांत बोलके उदाहरण आमच्या तेलंगणातील निजामाबादचे. त्याच ११ एप्रिल २०१९ रोजी तेथे १८५ उमेदवार उभे होते. आपल्या पिकाच्या भावाकडे लक्ष वेधण्याकरिता शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने अर्ज भरले होते. ‘नोटा’ धरून १८६ बटणे हवीत. एका बॅलट युनिटवर बटणे १६. म्हणजे एकेका केंद्रावर १२ युनिटे ओळीने जोडावी लागली. आता यांतील पहिले कोणते आणि सातवे कोणते, हे कंट्रोल युनिटने कसे ओळखावे? त्यासाठी प्रत्येक बॅलट युनिटमध्ये हाताने फिरवून क्रमांक लावण्याची कळ आहे, आणि तो क्रमांक बाहेरून वाचता येतो. चिपमध्ये लपविता आला असता असा आकडा रचनाकारांनी मुद्दाम साध्या कळीवर ठेवला. मतदान केंद्राध्यक्ष, उमेदवारांचा प्रतिनिधी, कोणीही वाकून पाहावे आणि खात्री करून घ्यावी.

पुढे यंत्राला तिसरा सोबती मिळाला. मतदाराने ज्याला मत दिले त्याचे क्रमांक, नाव व चिन्ह छापलेली चिठ्ठी काचेआड सात सेकंद दाखविणारा हा छापखाना, व्हीव्हीपॅट, २०१३ साली नागालँडमधील नोक्सेन येथे प्रथम वापरला गेला. मतदाराला आपले मत डोळ्यांनी दिसू लागले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु चिठ्ठी छापावयाची तर नावे आणि चिन्हे यंत्राला कळली पाहिजेत. जी गोष्ट आजवर कागदावर होती ती प्रथमच स्मृतीत उतरली. प्रत्येक निवडणुकीपूर्वी ‘सिम्बॉल लोडिंग युनिट’ नावाच्या एका छोट्या उपकरणाने ही चिन्हे व्हीव्हीपॅटमध्ये भरली जातात. साहजिकच विचारी लोकांनी विचारले, की यंत्रांवर मोहोर आणि पहारा आहे. पण ज्याच्यातून सेटिंग भरल्या, ते उपकरण कोठे जाते?

या शंका नव्या नव्हेत. २०१० साली हैदराबादचे अभियंते हरि प्रसाद यांनी दोन परदेशी संशोधकांसह एक प्रात्यक्षिक केले होते. यंत्र हाती लागले, तर मते साठविणाऱ्या चिपांना एक लहान उपकरण जोडून तेथील नोंदी बदलता येतात, असे त्यांनी दाखविले. आयोगाचे उत्तर असे, की मोहोरा, पहारा आणि सर्व पक्षांच्या प्रतिनिधींची हजेरी असताना यंत्र असे कोणाच्या हाती लागू दिले जात नाही. दोन्ही बाजूंचे मतभेद मोठे आहेत. परंतु एका मुद्द्यावर त्यांचे बोट सारखेच पडते. आज्ञावली कितीही पक्की कोरलेली असो, तिच्याशेजारी लिहिता येण्याजोगी जी स्मृती आहे, तेथवर कोणाचा हात पोहोचतो, हाच खरा प्रश्न.

सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी या विषयावर निकाल दिला. सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात किंवा पुन्हा कागदी मतपत्रिका आणाव्यात, या मागण्या न्यायालयाने मान्य केल्या नाहीत. मात्र दोन आज्ञा दिल्या. पहिली अशी, की १ मे २०२४ पासून चिन्हे भरून झाल्यावर ते भरण्याचे उपकरणही मोहोरबंद करून मतदानयंत्रांबरोबर सुरक्षित खोलीत ठेवावे, आणि निकालानंतर किमान ४५ दिवस तसेच राहू द्यावे. दुसरी अशी, की दुसऱ्या वा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी केल्यास, लोकसभा मतदारसंघातील प्रत्येक विधानसभा क्षेत्रामागे ५ टक्के यंत्रांतील कोरलेली स्मृती निर्मात्यांच्या अभियंत्यांकडून तपासून घ्यावी. पहिली आज्ञा सेटिंगच्या रक्षणाची. दुसरी आज्ञावलीच्या तपासणीची. ‘कोणती गोष्ट कोठे ठेवावी’ हा अभियंत्याच्या टेबलावरील प्रश्न अशा रीतीने देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे जाऊन पोहोचला.

तेव्हा आजींच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काय? ते असे, की यंत्राची आठवण केवळ चिपच्या भरवशावर कधीच सुरक्षित नसते. चिप विसरत नाही, एवढेच विज्ञान सांगू शकते. कोणी पुसत नाही, हे मात्र मोहोरेवर सही करणारा प्रतिनिधी, पहाऱ्यावरील शिपाई आणि पहाटे अभिरूप मतदान घेऊन ती मते सर्वांसमक्ष पुसणारा केंद्राध्यक्ष, यांनी सांगावयाचे असते. त्या पहाटे आम्ही किमान पन्नास मते टाकून, निकाल दाखवून, यंत्र रिकामे करून मगच खऱ्या मतदानाला आरंभ करतो, त्याचे कारण हेच. त्या वेळी पेंगुळलेल्या प्रतिनिधींना आम्ही आग्रहाने जवळ बोलावतो. पाहणारे डोळे नसतील तर त्या विधीला काही अर्थ नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कित्येक जण उद्या याच शहरातील कारखान्यांत अशी यंत्रे घडवाल. कोणी रुग्णालयातील औषध देणारे यंत्र करील, कोणी रेल्वेचा सिग्नल, कोणी घरचा साधा पंखा. प्रत्येक सेटिंगला जागा देण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारा. ही गोष्ट कितीदा बदलेल? ती बदलण्याचा अधिकार कोणाला? आणि बदलली तर ते कोणाला दिसेल? जी कधीच बदलावयाची नाही ती आज्ञावलीत कोरा. क्षणाक्षणाला बदलते आणि गेली तरी चालते, ती चालत्या स्मृतीत ठेवा. क्वचित बदलते पण टिकली पाहिजे, ती न विसरणाऱ्या स्मृतीत दोन प्रतींनी, ताळ्यासह लिहा. आणि जिच्यावर दुसऱ्याचा हक्क वा जीव अवलंबून आहे, ती जेथे चार माणसांना पाहता येईल अशा जागी ठेवा. तशी जागा नसेल तर निर्माण करा. हे करण्यास थोडा वेळ अधिक लागेल, थोडा खर्चही वाढेल. पण काठी टेकीत आलेल्या वृद्धेने विचारलेल्या प्रश्नाला ज्याच्याजवळ सरळ उत्तर आहे, असेच यंत्र आपल्या हातून घडावे.